डावरा पीळ

"या खेपेला पाइप करा," डॉक्टर म्हणाले आणि रिकामा फ्लॅट डबा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"पाइप मी करत नाही."

"अहो, आठ वर्षं हेच ऐकतोय! ट्रान्सफॉर्मर केलात, केबलचे ड्रम केलेत, ट्रॅक्टर केलेत. दगड केलेत, दगड! पाइपनेच तुमचं काय घोडं मारलंय?"

घोडं नव्हतं, माणूस होता. पण हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. डबा खिशात घातला आणि म्हणालो, "बघतो."

डॉक्टर नंदकिशोर यांचा मुलुंडला दातांचा दवाखाना आहे. वरच्या खोलीत त्यांनी अख्खी रेल्वे मांडली आहे. रूळ, सिग्नल, यार्ड, एक मालधक्कासुद्धा, सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. इंजिनं परदेशातून येतात, डबेही विकत मिळतात. पण फ्लॅट डबा म्हणजे भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता चाकांवरचा पाट. त्याच्यावरचा माल बाजारात मिळतो तो प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला, बघवत नाही. तो माल मी हाताने करतो. लोक याला खेळणी म्हणतात. म्हणोत बापडे.

आमची ओळख दाढेवरून झाली. मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, आणि समोर डॉक्टरांच्या टेबलावर ओंडके लादलेला एक डबा. मला राहवेना. कापूस थुंकून म्हणालो, "डॉक्टर, हा माल नाहूरपर्यंतसुद्धा जायचा नाही. ओंडक्याखाली पाचर कुठेय? दोरी नुसती वरून टाकलीय, ताण कुठेय?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. दाढ काढायला त्यांनी त्या दिवशी दीड तास लावला, कारण मध्ये मध्ये ते कागदावर चित्रं काढून मला विचारत होते.

मला हे सगळं ठाऊक असायचं कारण साधं आहे. मी सव्वीस वर्षं मालधक्क्यावर कंत्राटदाराच्या लादणीच्या टोळीत होतो. आता तो धक्का नाही. तिथे टॉवर झालाय आणि खाली पोहायचा तलाव आहे म्हणे.

फ्लॅटवर पाइप लादायचे कसे, ते सांगतो. दोन्ही कडांना लाकडी खुंट उभे करायचे, मध्ये पाइप रचायचे, आणि समोरासमोरचे खुंट वरून तारेने जोडायचे. तार दुहेरी घ्यायची, तिच्या मधोमध एक लोखंडी कांब घालायची आणि कांब फिरवत तारेला पीळ द्यायचा. पीळ चढतो तसे खुंट आत ओढले जातात आणि माल आवळला जातो. या कांबेला आम्ही टॉमी म्हणायचो. पीळ बसला की टॉमी बारीक तारेने तिथेच बांधून टाकायची. नाही बांधली तर पहिल्याच धक्क्याला ती उलटी गरगर फिरते, पीळ उलगडतो, खुंट फाकतात आणि वरचा पाइप खाली येतो. टोळीत एकच कायदा होता. ज्याने पिळलं त्यानेच बांधायचं.

मी डावरा. सगळ्यांचा पीळ एकीकडे आणि माझा उलटीकडे. टोळीतला गुणाजी तो लांबून ओळखायचा आणि ओरडायचा, "ह्यो बग, डावरो पीळ इलो!" घरी जाऊन बायकोला ओला पंचा पिळून दाखवायचा, "अंबादास असो पिळता." ती हसायची. मी जेवायला गेलो की म्हणायची, "भावजी, कपडे तुमी पिळू नका हां, उलटे वाळतले."

गुणाजी मालवणकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि कामाला मंद. मंद म्हणजे काय, एका टॉमीला तारेचे तीन आढे, म्हणजे वेढे, बांधणार, मग ओढून बघणार, मग खाली उतरून लांबून बघणार. आम्ही बोंब मारायचो, "अरे, गाडी सुटेल! तारेचं लग्न लावतोयस का?" तो हसायचा आणि पुन्हा वर चढून एकदा ओढून बघायचा. असला माणूस.

बावीस वर्षं झाली. पाण्याचे मोठे पाइप होते, माणूस आत बसेल एवढे. डब्यावरच्या पहिल्या दोन तारा गुणाजीने पिळल्या, तिसरी मी. पीळ दिला, आणि बघतो तर बांधायची बारीक तार संपलेली. मी टॉमीचं टोक शेजारच्या तारेखाली अडकवलं. पाच मिनिटांसाठी असं सगळेच करायचे. तार आणायला खाली उतरलो आणि चहा आला. चहा बघून मी थांबलो. बस, एवढंच. मी चहा पीत होतो. गुणाजी नेहमीसारखा डब्याच्या कडेकडेने बघत चालला होता. त्याला अडकवलेली टॉमी दिसली असणार. त्याने खिशातून तार काढली आणि चाकावर पाय देऊन वर चढायला लागला. इंजिन वेळेआधी येऊन लागलं. धक्का बसला.

मला आवाज आठवत नाही. कपातला चहा हातावर सांडला, तेवढं आठवतं.

गुणाजीच्या मुठीत वीतभर तार होती. ती पाहून खंडू मुकादम म्हणाला, "हातात तार होती, म्हणजे बांधायचं ह्याचंच राहिलं होतं." मी खाली बघितलं. रुळांमध्ये तिसरी तार पडली होती, अर्धी उलगडलेली. उरलेला पीळ माझा होता, कुणीही ओळखला असता. खंडूनेही ओळखला. त्याने ती तार उचलली, गुंडाळली आणि गटारात टाकली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेला तो गेला. तुझं पोरगं दोन वर्षांचं आहे. साहेबाने विचारलं तर काय बोलायचं ते बघ."

साहेबाने विचारलं. मी बोललो, "तिन्ही तारा गुणाजीने पिळल्या होत्या."

झालं. कागदावर आलं, मयताचा निष्काळजीपणा. कागदावरून चाळीत आलं, चाळीतून गावाला गेलं. त्याची बायको शेवंती वैनी तेव्हा तिशीतली, पोरगी रुचिरा पाच वर्षांची. मी त्यांना अंतर दिलं नाही. रुचिराला शाळेत घातलं ते मी, गॅसचा सिलिंडर खांद्यावरून तीन मजले चढवला तो मी, चेंबूरला नवीन बिल्डिंगमध्ये खोली मिळाली तेव्हा सामान लावलं तेही मी. वैनी सगळ्यांना सांगायच्या, सख्खा दीर करणार नाही एवढं भावजी करतात. ऐकताना मी ताटात बघायचो. तरी मी जायचो, जेवायचो, ताट धुऊन ठेवायचो.

पण एक गोष्ट मला सहन होत नव्हती. रुचिराने दुधाचं भांडं उघडं ठेवलं, वहीचं पान अर्धं सोडलं, की वैनी करवादायच्या, "बापाशीसारख्या अर्ध्यार टाकू नको गो! अर्धा टाकल्यान आनि जीव गेलो तेचो!" पोर ऐकून ऐकून अशी झाली की बघवत नाही. आता सत्तावीस वर्षांची आहे, घाटकोपरला लॅबमध्ये रक्त तपासते. निघताना गॅसचं बटण तीनदा बघते. निम्म्या वाटेवरून परत येऊन पुन्हा बघते. मी त्यांच्याकडून निघालो की जिना उतरताना मागून दाराची कडी ऐकू यायची. लावली, काढली, लावली, काढली. चार वेळा. मी मोजायचो. तिच्याशी लग्न ठरलेल्या मुलाने त्यापायीच नाही म्हटलं. मुलगी हुशार आहे हो, पण जरा हे आहे, असं त्याची आई म्हणाली.

ते 'जरा हे' मी केलेलं आहे. गुणाजी अर्धं सोडणारा नव्हता. माझं अर्धं पुरं करायला गेला आणि मेला. हे जगात तीन माणसांना माहीत होतं. खंडू वारला. उरलो मी आणि माझी बायको कमल.

डॉक्टरांचा डबा मी घाटकोपरला घरी आणला आणि खिडकीतल्या टेबलावर ठेवला. कमलने कणीक मळता मळता बघितलं.

"आता काय करनार याच्यावर?"

"पाइप."

तिचा हात थांबला. "अवो, नका."

"डॉक्टरांचं प्रदर्शन आहे बोरिवलीला."

"परदर्शनाला दुसरं काई करा. मला येडी समजता का? तुमी हे कोनासाठी करायलात, मला कळत नाही व्हय?"

मी डावा हात पुढे धरला. सहा महिने झाले, अंगठा आणि पहिलं बोट आपोआप हलतात, जपमाळ ओढल्यासारखी. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, कंपवात आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडं थांबेल.

"हा हात वर्षभराने माझा नसेल," मी म्हणालो. "मला तोंडाने सांगता येत नाही, कमल. बावीस वर्षं प्रयत्न केला. दारापर्यंत जाऊन चहा पिऊन परत आलोय. मला हातानेच काय ते येतं."

"वैनीला आता कुठं झोप लागायली. ती मोडून तुमाला काय भेटनार?"

"मला नाही. पोरीला."

कमल कणीक नुसती आपटत राहिली.

मी तो डबा तीन आठवडे केला. एरवी चार दिवसांत होतो. पाइप मोसंबीवाल्याकडच्या जाड स्ट्रॉचे. त्यांना काळा रंग, वर गेरूचा हात, म्हणजे गंज वाटतो. खुंट अगरबत्तीच्या काड्यांचे, चाकूने चौकोनी तासलेले. डब्याची फळी आइस्क्रीमच्या काड्यांची, मध्ये मध्ये मुद्दाम खरवडलेली, कारण त्या दिवशीच्या डब्याची फळी तशीच होती. खाली पाचरी, दोन मोठ्या आणि एक फुटकी. फुटकीसुद्धा होती, मला आठवतं. तारेसाठी जुन्या चार्जरच्या वायरीतला केसाएवढा तांब्याचा धागा. टॉमीसाठी साडीच्या पिना कापल्या. कमलने पिनांचं पाकीट स्वतःहून टेबलावर आणून ठेवला आणि तोंड फिरवून गेली.

पहिल्या दोन तारा मला उजव्या पिळाच्या करायच्या होत्या, गुणाजीच्या. जन्मात कधी उजवा पीळ दिला नव्हता. उजव्या हाताने चिमटा धरून एकेक वळसा फिरवला. तुटली. पुन्हा. पुन्हा तुटली. पाचव्यांदा बसली. वर बारीक धाग्याचे तीन आढे घातले, त्याचे असायचे तसे. ते घालताना मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं.

तिसरी तार डाव्या हाताने. हात थरथरत होता, पण पीळ माझाच आला, झकास, जसा यायचा तसा. टॉमीचं टोक शेजारच्या तारेखाली अडकवलं. बांधली नाही.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं की पाइपचा डबा देता येणार नाही, प्रदर्शनाला ओंडक्यांचा घ्या, तो तयार आहे. ते नाराज झाले. होऊ देत.

रविवारी दुपारी चेंबूरला गेलो. बुटाच्या खोक्यात कापूस घालून डबा ठेवला होता. बसमध्ये खोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. कमल येते म्हणाली, मीच नको म्हटलं.

"येवा भावजी, कमल नाय इली?" वैनींनी दार उघडलं. "बसा. तिरफळाची आमटी केलंय, जेवन जावा."

"जेवण नको वैनी. आधी हे बघा."

टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावर मी डबा ठेवला. रुचिरा आतून केस पुसत आली आणि टेबलाशी गुडघ्यांवर बसली. तिला माझी कामं पहिल्यापासून आवडतात.

"काका, काय भारी केलंय यार! हे गंजलेलं कसलं खरं वाटतंय! आणि ही पाचर फुटकी का?" तिने मान वाकडी करून वरून पाहिलं, खालून पाहिलं, मग तिचा चेहरा बदलला. मला माहीत होतं की तिला ते दिसणार. सुटलेलं काही त्या पोरीच्या नजरेतून निसटत नाही. "काका, ही तिसरी बांधायची राहिली. आई, तुझा दोरा दे ना, मी बांधते."

"बांधू नको," मी म्हणालो. "राहिलेली नाही. तशीच ठेवलीय."

"का पण? माल पडेल ना."

"पडला होता."

वैनींनी ओट्यावरून चष्मा आणला. पदराने पुसला, लावला आणि डब्यावर वाकल्या. शेजारी कुणाच्या तरी घरात टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं. मग त्यांनी करंगळीचं नख तिसऱ्या तारेवर ठेवलं.

"ह्यो पीळ डावरो," त्या म्हणाल्या.

"हो."

"ह्यो तुमचो."

"माझा, वैनी. पीळ मी दिला होता. बांधायचा मी सोडला आणि चहा प्यायला गेलो. गुणाजीने तो बघितला आणि बांधायला चढला. त्याच्या मुठीतली तार माझ्या टॉमीसाठी होती. साहेबासमोर मी खोटं बोललो." एवढं सलग मी बावीस वर्षांत बोललो नव्हतो. मी रुचिराकडे वळलो. "तुझ्या बापाने जन्मात काही अर्धं सोडलं नाही, बाळा. अर्धं मी सोडलं होतं."

रुचिरा गुडघ्यांवर तशीच होती. ओले केस खांद्यावर, पाणी टपकत होतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"त्याच मिनिटापासून."

"आणि मी दहावीत असताना, पान अर्धं राहिलं म्हणून वही फाडली आईने, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात."

"हो."

"पोहे खात होतात."

"हो."

वैनी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील, अंगावर येतील. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीवर गुणाजीचा फोटो आहे, त्याकडेही नाही. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"दर म्हाळाक तेचा पान वाढलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आनि पान वाढताना तेका शिव्या घातलंय. मेल्या, एक गाठ मारूक काय झालेला तुका, म्हणान. बावीस वर्सा. जेवतल्या मानसाक शिव्या." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भावजी, आता तेची माफी मी खंय जावन मागू?"

माझा डावा हात मांडीवर हलत होता. मी तो उजव्या हाताने धरून ठेवला.

"वैनी, मी..."

"काका," रुचिरा उठली. तिचा आवाज अगदी साधा होता, लॅबमध्ये पेशंटला सांगते तसा. "तुम्ही निघा आता."

"तुला काय बोलायचं असेल ते बोल. मार मला."

"नाही. निघा. आणि परत येऊ नका. आईला बरं वाटलं आणि तिने बोलावलं, तर या. मी नाही बोलावणार."

मी उठलो. सवयीने पाण्याचा पेला उचलून मोरीत ठेवायला निघालो. रुचिराने तो माझ्या हातातून काढून घेतला. खोकं मी उचललं, डबा तिथेच टेबलावर राहिला. वैनींनी वर बघितलं नाही. आमटी गॅसवर होती, खाली लागल्याचा वास यायला लागला होता. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

दार माझ्या पाठीमागे लागलं. मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. कडी लागली. मी थांबलो. आता निघेल, पुन्हा लागेल, मग आणखी दोनदा. इतक्या वर्षांची सवय, कान आपोआप तिकडे लागतात. आतून वैनींच्या रडण्याचा आवाज आला. खालच्या मजल्यावर कुणीतरी चपला आपटून झटकल्या. मी बराच वेळ उभा होतो.

कडी एकदाच लागली होती. मग मी खोकं काखेत धरलं आणि खाली उतरायला लागलो.